निळ्याचं आयुष्य

११ जानेवारी

प्रिय ठकू,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज मात्र वाचतेस, कारण दोन निळ्या खुणा उमटतात. आमच्याकडे सध्या तेवढाच निळा टिकतोय, असं मी परवा तुझ्या आत्याला म्हणाले तर ती हसली नाही. तुझा नवा पत्ता तिच्याकडूनच घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिच्यामागे भुणभुण लावली होती. कागदावर लिहायचं कारण एवढंच, की कागद फेकायला माणसाला निदान खुर्चीतून उठावं लागतं.

बाबा बरा आहे. उजवा हात मांडीवर ठेवावा तिथेच पडून असतो, पण डाव्या हातात काठी धरून तो पलंगापासून खिडकीपर्यंत जातो. शब्द परत येतायत. मात्र पाहुण्यांसारखे येतात, आज आलेला उद्या येईलच असं नाही. दिवसभर त्याच्याजवळ देखभालीला ठेवलेल्या मावशी असतात. त्या त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. तो त्यांना 'ए' म्हणून हाक मारतो, त्या 'काय रे' म्हणून उत्तर देतात. दोघांचं छान जमलंय. मी नसताना घरात जास्त बोलणं होतं, असा मला दाट संशय आहे.

मागच्या सुट्टीत तू टेबलावर जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "आई, तू रोज संध्याकाळी त्याला खोटे आकडे सांगतेस. त्याला झटका आलाय, तो खुळा नाही झालेला." एवढं बोलून ताट तसंच ठेवलंस आणि बॅग भरायला गेलीस. तू जमिनी मोजणारी. एक रेघ वाकडी गेली की दोन घरं कोर्टात जातात, हे तू रोज बघतेस. तुझा राग मला कळला होता.

तर सांगायचं हे, की मी तुझं ऐकलं. मागच्या रविवारी त्याच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. आपला निळा उजळतो पण टिकत नाही, मी सांगत होते ते आकडे खरे नव्हते, असं सरळ सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मान हलवली, मग खिडकीकडे बघत बसला. आता तुझ्या-माझ्यात भांडायला काही उरलेलं नाही. फोन कर.

तुझी आई


२ मार्च

प्रिय ठकू,

फोन आला नाही. असो. मोजणीचा हंगाम असेल.

लहान असताना तू विचारायचीस, तुम्ही दोघं रोज एकच रंग करायला जाता, मग तो अजून झाला कसा नाही? बाबा म्हणायचा, "झाला होता, पण दुपारी मेला." तू त्यावर खदखदून हसायचीस. तो मात्र थट्टा करत नसायचा. पुढे मोठी झाल्यावर तू कधी विचारलं नाहीस आणि आम्हीही सांगितलं नाही. आज सांगते. तुला वेळ नसेल तर हे पान सोडून दे.

तुझ्या हातातल्या फोनचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्यात केसापेक्षा कितीतरी पातळ थर, आणि त्या थरात आम्ही बनवतो तसले रेणू. वीज मिळाली की ते उजळतात. लाल आणि हिरवे मुकाट्याने नोकरी करतात आणि सुखाने निवृत्त होतात. गडद निळ्याचं तसं नाही. निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते, इतकी की त्या रेणूचे स्वतःचे जोड जवळजवळ तेवढ्याच ताकदीने धरलेले असतात. दोन उजळलेले रेणू एकमेकांना भिडले की एखाद्याचा जोड निखळतो. तुटलेला तुकडा स्वतः तर उजळत नाहीच, वर शेजाऱ्याचाही उजेड खातो. म्हणून सगळ्या जगात निळ्याचं आयुष्य सगळ्यांत कमी. 'आयुष्य' हा आमचा रोजचा शब्द आहे. सकाळी चहाच्या आधी आम्ही एकमेकांना विचारतो, आयुष्य किती आलं?

बाबाने काढलेल्या रेणूला प्रयोगशाळेत 'पंख' म्हणतात. मधे गंधक, त्याला धरून दोन ऑक्सिजन, आणि दोन्ही बाजूंना पसरलेले लांब पंख. त्या गंधकामुळेच त्याचा निळा इतका गडद उतरला. इतरांचा निळा कुठेतरी आकाशाकडे झुकतो. याच्या कडेला किंचित जांभळट छटा होती. पहिल्यांदा तो उजळला तेव्हा मी तिथेच उभी होते. बाबा कुणाशी काही न बोलता हात धुवायला गेला आणि बराच वेळ धुतच राहिला.

झटका त्यानंतरच्या हिवाळ्यात आला. त्याची खुर्ची मला मिळाली. खुर्ची मिळाली म्हणजे पंखही माझ्याकडे आला, एवढंच मला तेव्हा कळलं.

काटकोन तुला आठवत असेल. आमच्याकडे काचेवर थर चढवून दिवे तयार करतो आणि त्यांचं आयुष्य मोजतो. ताठ बसतो, ताठ बोलतो, म्हणून बाबानेच त्याला हे नाव ठेवलं होतं. तो गेले कित्येक महिने म्हणतोय की दुखणं गंधकाच्या जोडात आहे. मी म्हणते, तसं नाही, तयार करताना ब्रोमीनचा अंश मागे राहत असेल, पुन्हा शुद्ध कर. ब्रोमीन राहिलं तर दिवा लवकर विझतो, हे खरंच आहे. म्हणून आम्ही पुन्हा शुद्ध करतो. लांब काचेच्या नळीत, निर्वातात, पावडर तापवायची. तिची वाफ होते आणि थंड टोकाला जाऊन पांढरट स्फटिक होऊन बसते. फार सुंदर दिसतं. मग काच, थर, वीज. आणि काचेवर उजळलेली चौकट पुन्हा तेवढ्याच वेळात मंदावते.

गेल्या आठवड्यात काटकोन म्हणाला, "मॅडम, याहून शुद्ध करायचं तर आता त्यातून रेणूच काढावा लागेल."

सगळे हसले. मीही हसले. मग केबिनमध्ये जाऊन पुन्हा शुद्ध करण्याच्या कागदावर सही केली.

बाबा जेवतो नीट. सूप घट्ट करून द्यावं लागतं, पातळ काही दिलं तर ठसका लागतो. तुझा फोटो त्याच्या कपाटावर आहे. तो हलवला तर त्याला कळतं.

आई


२० एप्रिल

ठकू,

हे पत्र नीट वाच, आणि जमलं तर उत्तर दे. मला आता कुणाला विचारायचं ते कळत नाही.

सोमवारी काटकोन एक आलेख घेऊन माझ्यासमोर बसला. विझलेल्या चौकटीतला थर विरघळवून त्यातल्या तुकड्यांची वजनं त्याने तपासली होती.

"अर्धा रेणू सापडला, मॅडम. गंधकापाशी तुटलेला."

"पुन्हा करून बघ."

"केलं."

"दुसऱ्या खेपेच्या नमुन्याचं?"

"त्याचंही केलं." त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, तुम्हाला हे वर्षभर माहीत आहे."

ज्या गंधकामुळे निळा इतका गडद झाला, त्याच गंधकापाशी तो तुटतो. गंधक ठेवला तर निळा मरतो आणि काढला तर तो बाबाचा राहत नाही. हे मला पहिल्या काही महिन्यांतच उमगलं होतं. ब्रोमीनची सबब मी इतरांना देत होते, तशीच स्वतःलाही.

मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. मला न विचारता त्याने एक वेगळा रेणू करवून घेतला होता. मधला गंधक काढून तिथे बोरॉन बसवला आणि पंख हलू नयेत म्हणून दोन्हीकडून बांधून टाकले. निळा चांगला आलाय, आणि तो टिकतोय. आठवडे झाले, अजून जळतोय. मी तपासणीच्या कपाटाचं दार उघडून बघितलं. रांगेत बसवलेल्या विझलेल्या चौकटींमध्ये त्याच्याच तेवढ्या उजळ होत्या.

ठकू, जानेवारीत तुला लिहिलं ते खरं नव्हतं. मी बाबाला काहीही सांगितलेलं नाही. तू फोन करावास म्हणून लिहिलं होतं.

रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत तो विचारतो, "निळा?" मी आकडा सांगते. कालच्यापेक्षा थोडा मोठा, पण विश्वास बसेल इतपतच. तो हसतो. झटक्यानंतर त्याच्या चेहऱ्याची डावी बाजूच हसते. मग मावशींनी आणलेलं सूप तो कुरकुर न करता पितो. डॉक्टरांनी मन प्रसन्न ठेवा म्हणून सांगितलं होतं, ते मी घट्ट धरून बसले. तू म्हणशील ही पळवाट आहे. असेल. दिवसभर विझलेल्या चौकटी बघून घरी आल्यावर 'तो टिकतोय' असं मोठ्याने म्हणता येईल अशी एक तरी जागा मला हवी होती. ती जागा म्हणजे तो होता. म्हणजे मी त्याला औषध देत नव्हते, त्याच्याकडून घेत होते.

आणि आता गळ्याशी आलंय. आकडा रोज थोडा वाढवता वाढवता आम्ही ठरवलेल्या उद्दिष्टाच्या पुढे गेला, माझ्या ध्यानातच आलं नाही. बोलून गेले. बाबाने काठी जमिनीवर आपटली. मावशी धावत आल्या, त्यांना वाटलं पडला.

"बघू," तो म्हणाला. "मला… बघायचाय."

मी म्हटलं, थोडा धर, अजून तपासण्या आहेत. पण तो काही लहान मूल नाही. काल सकाळीच रात्रीचे कपडे बदलून, मावशींकडून दाढी करून घेऊन, तो दारापाशी खुर्चीत बसला होता.

पुढच्या शुक्रवारी गाडी ठरवलीय. काटकोनाचा नवा दिवा त्याला पंख म्हणून दाखवायचा, असं माझ्या मनात आहे. काटकोनाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ टेबलाची कड चाचपत राहिला. मग म्हणाला, "मी आपणहून काही बोलणार नाही. पण सरांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही."

तू असतीस तर काय केलं असतंस, हे मला माहीत आहे. तरी लिही.

आई


९ मे

ठकू,

तुझं उत्तर आलं नाही आणि शुक्रवार होऊन गेला.

पुढच्या पायऱ्यांवरून चाकाची खुर्ची जाईना, म्हणून मागच्या उतारावरून नेली, जिथून गॅसची नळकांडी आत जातात. बाबाला त्याची गंमत वाटली. "मी… नळकांडं," म्हणाला. ओळखीचे लोक येऊन हात मिळवून गेले. तो डावा हात पुढे करत होता आणि समोरचे गोंधळून आधी उजवा, मग डावा असं करत होते. इतका खूश मी त्याला दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

मोजणीच्या खोलीत काटकोनाने दिवे मालवले. काचेवरची चौकट नखाएवढी असते. ती उजळली. निळा स्वच्छ होता, नितळ होता. कुणीही बघून वा म्हटलं असतं.

बाबा पुढे झुकून बघत राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मला वाटलं, निभावलं.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"आपला… नाही." डाव्या हाताने त्याने चौकटीच्या कडेकडे बोट केलं. "जांभळा… कुठाय?"

तो आजारी पडला होता, ठकू, त्याचे डोळे नव्हते पडले. तू हेच म्हणाली होतीस.

मी म्हणाले, "अरे, शुद्ध केल्यावर छटा थोडी बदलते." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. काटकोनाकडे बघून नुसती हनुवटी उचलली. इतकी वर्षं प्रयोगशाळेत तो असंच विचारायचा, बोल.

काटकोन बोलला. गंधक कुठे तुटतो, बोरॉन का बसवला, सगळं अगदी क्रमाने, एखाद्या बैठकीत सांगावं तसं. बाबा ऐकत होता. मधे एकदा त्याने पंख बांधल्याची खूण हवेत करून दाखवली, बरोबर समजलं ना, अशी. काटकोन म्हणाला, "हो सर."

मग बाबा म्हणाला, "माझा… लाव."

पंखाच्या चौकटी शिल्लक होत्या. काटकोनाने एक लावली. ती जांभळट कड अंधारात दिसली आणि मला सांगायला हवं, त्या नव्याहून ती देखणी होती. आजही आहे. नेहमीच्या विजेवर तिला मंदावायला काही तास तरी लागले असते. बाबाकडे एवढा वेळ नव्हता, किंवा धीर नव्हता. त्याने माझ्याकडे बघून हात वर-वर केला.

"तू… वाढव."

वीज वाढवली की चौकट प्रखर होते आणि आयुष्य झरझर संपतं. घाईची तपासणी असली की आम्ही असंच करतो. त्यानेच मला ती शिकवली होती. मी म्हणाले, राहू दे, आपण घरी जाऊ. तो पुन्हा म्हणाला, "वाढव." काटकोन बटणापासून मागे सरकला. म्हणजे ते मलाच करायचं होतं.

मी वाढवली. चौकट एकदम इतकी उजळली की बाबाचा चेहरा, त्याची पडलेली उजवी बाजूसुद्धा, निळी दिसली. मग ती उतरायला लागली. आधी कळतही नव्हतं, फक्त पडद्यावरची रेघ खाली येत होती. मग डोळ्यांना कळायला लागलं. मधोमध एक काळसर डाग पडला आणि तो पसरत गेला. बाबाने शेवटपर्यंत नजर हलवली नाही. पुढचं मी बघू शकले नाही. मी त्याच्याकडे बघत होते.

दिवे लावल्यावर त्याने विचारलं, "तू… कधीपासून?"

खोटं सांगायला आता काही उरलं नव्हतं. "वर्ष झालं," मी म्हणाले. "वर्षाहून जास्त."

त्याने माझा हात आपल्या खांद्यावरून काढला. झटकून नाही. एखाद्याचा चुकून राहिलेला हात काढून ठेवावा, तसा. मग काटकोनाला म्हणाला, "तू… चांगलं केलंस."

गाडीत तो मागच्या सीटवर मावशींशेजारी बसला. मी पुढे होते.

तू बरोबर होतीस. खरं सांगायलाच हवं होतं. पण ज्या खऱ्यासाठी तू ताट सोडून गेलीस, ते त्याला असं बसून बघावं लागलं. तू इथे असायला हवी होतीस. हे मी रागाने लिहीत नाही. थोडं रागाने लिहितेय.

आई


३० जून

ठकू,

आत्या म्हणाली, तिने तुला सगळं सांगितलं आणि तू फोनवर बराच वेळ गप्प होतीस. तेवढं मला पुरलं.

इथली हकीकत. नवा रेणू पसंत पडला. संचालकांनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं, गट बंद करायचं चाललं होतं, ते आता होणार नाही म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले. त्या दिवशी पंखाचे शेवटचे शिल्लक स्फटिक टाकून द्यायच्या डब्यात गेले. कुणीतरी करायचं होतं, ते मी केलं.

काटकोन संशोधनाच्या लेखाचा मसुदा घेऊन घरी आला होता. त्याने बाबाचं नाव सगळ्यांत वर घातलं होतं. म्हणाला, "सर, पंख तुमचेच आहेत, मी फक्त बांधले." बाबाने कागद डाव्या हाताने डोळ्यांजवळ नेला, वाचला, आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"काढ."

"सर, असं कसं?"

"तू… काढ."

काटकोन स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि इतका ताठ माणूस खांदे पाडून रडला. मी त्याला पाणी दिलं. मला रडू आलं नाही. येईल असं वाटत होतं.

बाबा आता निळ्याबद्दल विचारत नाही. मी घरी येते, चपला काढते, आणि काही ऐकू येत नाही. मावशींशी बोलतो. खिडकीपर्यंत जातो. शब्द वाढलेत, हे डॉक्टरही म्हणाले. जेवतो. मला ओरडत नाही, रागावत नाही.

एका सकाळी मी त्याच्या हातात पाण्याचा पेला देत होते. तो म्हणाला, "तुम्ही ठेवा तिकडे." मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी 'तुम्ही'. 'तुम्ही जा.' 'तुम्ही नका करू, ती करेल.' इतक्या वर्षांत त्याने मला असं कधी म्हटलं नव्हतं. आमच्या पहिल्या भेटीतच, मी नवीन रुजू झालेली, त्याने "ए, तो चिमटा दे," असं म्हटलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं, बोलण्याचं केंद्र दुखावलं की तू-तुम्हीची गल्लत होते, मनावर घेऊ नका. मी मान हलवली. पण तो मावशींना 'तू' म्हणतो. काटकोनाला 'तू' म्हणतो. परवा तर तपासायला आलेल्या त्या डॉक्टरांनाच तो 'तू बस' म्हणाला आणि ते हसले. गल्लत फक्त माझ्यापाशी होते.

मी त्याच्यापुढे रडूनही बघितलं. पलंगाजवळ बसून म्हणाले, चुकलं माझं, पण एकदा 'तू' म्हण. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तगले असते. मला जागा करून द्यावी म्हणून तो जरासा बाजूला सरकला, जसं बसमध्ये अनोळखी माणसासाठी सरकतात.

तू ये, ठकू. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. थेट त्याच्या खोलीत जा, त्याच्याजवळ बस. तुला तो 'तू' म्हणेल, त्याची मला खात्री आहे. मी आत स्वयंपाकघरात बसेन, मधे येणार नाही. फक्त त्याच्या खोलीचं दार पूर्ण लावू नकोस, थोडं उघडं ठेव.

आई